बजी की कॉकटिएल? सोलापूरच्या घरासाठी निवड

मुलं हट्ट धरतात, आपण दुकानात जातो आणि मुलांनी ज्या रंगावर बोट ठेवलं तो पक्षी घरी येतो. सोलापुरात रंगाच्या आधी मे महिन्याचा विचार करायला हवा. पारा ४२-४३ अंशांवर जातो, पत्र्याच्या खोलीत तर त्याहून जास्त तापतं, आणि ऐन दुपारी वीज गेली की पंखाही बंद. पिंजऱ्यातला जीव उठून सावलीला जाऊ शकत नाही. त्यामुळे बजी (बजरिगर) घ्यायचा की कॉकटिएल, या दोन छोट्या परदेशी पोपटांतली निवड तुमचं घर बघूनच ठरवावी.

तिसरा पर्याय मनात असेल तर तो आताच बाजूला ठेवा. आपला हिरवा पोपट, पहाडी पोपट, मुनिया हे देशी पक्षी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पाळता येत नाहीत. विकणारा ‘घरीच जन्मलेलं पिल्लू आहे’ म्हणाला तरी घेऊ नका. आणि दुकानात लव्हबर्ड म्हणून जी छोटी रंगीत जोडी दाखवतात, ती बहुतेक वेळा बजीचीच असते.

बजी आणि कॉकटिएल दोघेही मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातले. बजी ३०-४० ग्रॅमचा, कॉकटिएल ८०-१०० ग्रॅमचा, डोक्यावर तुरा. बजीची जोडी काही शेकड्यांत मिळते, कॉकटिएलला हजारांत जावं लागतं. पण खरा फरक आयुष्याचा आहे. बजी साधारण ५ ते ८ वर्षं जगतो. नीट सांभाळलेला कॉकटिएल १५ ते २० वर्षं. आज पाचवीतल्या मुलासाठी आणलेला कॉकटिएल ते मूल नोकरीला लागेपर्यंत घरात असेल. मधली वर्षं दाणापाणी कोण बघणार, हे घरात बसून आधी बोलून घ्या.

उन्हाळ्याच्या बाबतीत दोघांत फार डावं-उजवं करता येत नाही. कोरडी हवा दोघांनाही चालते, कोंडलेली उष्णता दोघांनाही मारते. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी टाकून धापा आणि पंख अंगापासून लांब धरलेले दिसले, की पिंजरा लगेच थंड खोलीत न्यायचा आणि पायांवर साधं पाणी शिंपडायचं, बर्फाचं नको. पश्चिमेची गॅलरी मार्चपासून जूनपर्यंत बंदच समजा. कूलर चालतो, पण त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर नको, आणि दमट हवेत दाण्याला बुरशी येते म्हणून वाटीत रोज लागेल तेवढाच दाणा. नळाला पाणी रोज येत नसलं तरी पक्ष्याच्या वाटीतलं पाणी उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बदललंच पाहिजे.

धुळीच्या बाबतीत मात्र दोघांत मोठा फरक आहे. कॉकटिएलच्या पिसांतून पांढरी बारीक भुकटी सतत झडते. दोन दिवसांत टीव्हीवर तिचा थर दिसतो. घरात कुणाला दमा असेल तर कॉकटिएलचा विषय तिथेच संपवा. बजीची भुकटी कमी, तरी डॉक्टरांना विचारूनच आणा. उलट बाजूही बघा, आपल्या घरातली धूळ पक्ष्याला सोसणार आहे का? शहराच्या पूर्व भागात अनेक घरांना लागूनच माग आहेत, तिथे कापसाचे तंतू हवेत असतात. बायका विड्या वळतात त्या खोलीत तंबाखूची भुकटी असते, आणि तंबाखू पक्ष्यांना विषारी आहे. अशा खोलीत दोघांपैकी कुणालाच ठेवू नये. वेगळी, वारा खेळणारी खोली नसेल तर पक्षी न आणणं हीच त्याच्यावरची माया.

स्वयंपाकघरही दोघांना सारखंच घातक. मिरचीची फोडणी, काळा मसाला भाजतानाचा धूर, धूप-कापूर, डासांची कॉइल हे सगळं पक्ष्याच्या फुप्फुसाला झेपत नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे गॅसवर विसरलेला रिकामा नॉनस्टिक तवा. त्याचा वास आपल्याला जाणवेपर्यंत पक्षी गेलेला असू शकतो.

आता सोबतीचं. नवराबायको दोघं कामावर आणि मुलं शाळेत असतील, तर बजीची जोडी घ्या. ती दिवसभर एकमेकांत चिवचिवत राहते, शेजाऱ्यांना त्रास नाही. एकटा कॉकटिएल अशा घरात कुढतो, कर्कश हाका मारतो, कधी स्वतःची पिसं उपटतो. पण घरात आजी-आजोबा असतील तर कॉकटिएलसारखा सोबती नाही. खांद्यावर बसतो, नर असेल तर शीळ उचलतो, मान खाली घालून खाजवून मागतो. त्याची एक खोड लक्षात ठेवा. रात्री अचानक आवाज झाला की तो अंधारात घाबरून पिंजऱ्यावर आदळतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, त्या परिसरात राहत असाल तर त्या रात्री आतल्या खोलीत मंद दिवा ठेवावा. बजी इतका बिथरत नाही.

दाणा दोघांनाही राळे आणि बाजरी. कॉकटिएलला थोडी करडई जास्तीची. सूर्यफूल बी दोघांना आवडतं, पण त्याने चरबी चढते. नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं, म्हणून शेवग्याचा पाला, मेथी, किसलेलं गाजर रोज थोडं द्यावं. हुरड्याच्या दिवसांत फवारणी न झालेल्या रानातलं ज्वारीचं हिरवं कणीस आणा आणि पिंजऱ्यात टांगा. बजी कणसाला उलटे लटकतात, एकेक दाणा चोचीत फिरवून त्यातला चीक चोखतात, साल खाली टाकतात आणि पुन्हा वर सरकतात. कॉकटिएल पहिल्या दिवशी कणसाला घाबरून कोपऱ्यात बसतो, दुसऱ्या दिवशी खातो.

आजार वेगवेगळे. बजीच्या चोचीभोवती पांढरट खरबरीत पापुद्रा दिसला तर तो बारीक किड्यांमुळे असतो, औषधाने बरा होतो. गाठी मात्र बजीत बऱ्याच होतात आणि त्या अवघड. कॉकटिएलची मादी नर नसतानाही अंड्यांमागून अंडी घालते, कॅल्शियम संपतं, अंडं अडकलं तर जिवावर बेततं. पिंजऱ्यात कटलबोन, म्हणजे कॅल्शियम देणारं माकुळाचं हाड, कायम हवं. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, म्हणून आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर वजन करा. दहा टक्के घटलं की थांबू नका. जनावरांचा प्रत्येक डॉक्टर पक्षी हाताळतोच असं नाही, तेव्हा असा डॉक्टर आधी शोधा, पक्षी नंतर आणा.

पिंजरा गोल नको, रुंद हवा. बजीला सळ्यांमध्ये अर्ध्या इंचाहून जास्त फट नको, कॉकटिएलला पाऊण इंच चालते. जागा कमी असेल तर बजीच.

आणि एप्रिल-मेमध्ये कुठलाच पक्षी विकत घेऊ नका. दुकानातून तापत आलेला पक्षी नव्या जागेच्या धास्तीने आणखी खचतो. एक-दोन पाऊस होऊ द्या, जुलैमध्ये आणा. घरी आधीचा पक्षी असेल तर नव्याला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. पुढचा मार्च येईपर्यंत त्याला घराची आणि तुम्हाला त्याच्या सवयींची ओळख झालेली असेल.