खिडकीचे ब्लाइंड्स: दोरी, साखळी, स्प्रिंग की मोटर?

ब्लाइंड घ्यायला गेलं की दुकानदार आधी कापडाचं पुस्तक उघडतो. रंग, पोत आणि किती उजेड आत येईल यावर अर्धा तास जातो. वर-खाली करायची यंत्रणा मात्र शेवटच्या मिनिटाला ‘हल्ली साखळीच देतात’ एवढ्यावर ठरते. पुढे तक्रारी येतात त्या कापडाच्या क्वचितच. दोरी घसरते, एक बाजू खाली लोंबते, साखळी ओढली तरी नळी फिरत नाही. म्हणून आधी यंत्रणा ठरवा आणि तिला पेलेल असं कापड किंवा पट्टी नंतर निवडा.

भार कुठे जास्त असतो?

सगळ्या तुलनेची किल्ली इथे आहे. रोलर ब्लाइंड पूर्ण खाली असताना सगळं कापड नळीवरून लोंबत असतं, म्हणून यंत्रणेवर सर्वांत जास्त ताण तेव्हाच असतो. गुंडाळत वर नेलं की लोंबणारं कापड कमी होतं आणि ताणही उतरतो.

व्हेनेशियनचं, म्हणजे आडव्या पट्ट्यांच्या ब्लाइंडचं, उलटं आहे. तो खाली सोडलेला असताना प्रत्येक पट्टी शिडीसारख्या विणलेल्या बारीक दोऱ्यांवर पेललेली असते आणि उचलायच्या दोरीवर जेमतेम खालच्या दांड्याचं वजन असतं. वर ओढू लागलं की एकेक पट्टी त्या दांड्यावर येऊन बसते. अगदी वर पोचेपर्यंत साऱ्या पट्ट्यांचा भार दोरीवर आलेला असतो. कापडी रोमन ब्लाइंडच्या एकावर एक बसणाऱ्या घड्या आणि बांबूच्या चिकाची गुंडाळीही याच पद्धतीने वर जाता जाता जड होते.

म्हणून जुना व्हेनेशियन अर्ध्यावर नीट थांबतो, पण पूर्ण वर नेला की तासाभरात वीतभर खाली आलेला दिसतो. दोरी पकडणारं त्याचं लॉक झिजायला लागलं आहे, याची ही पहिली खूण. रोलरचा क्लच (नळी जागेवर धरून ठेवणारा भाग) कमजोर असेल, तर तो पूर्ण खाली असताना किंवा नुकताच वर घ्यायला लागल्यावर घसरतो. दुकानात चाचणी घेतानाही हे ध्यानात ठेवा: व्हेनेशियन आणि रोमन पूर्ण वर नेऊन पाहायचा, रोलर जवळजवळ पूर्ण खाली सोडून.

दोरी आणि कॉर्ड लॉक

व्हेनेशियनच्या वरच्या पत्र्याच्या पेटीत, दोरी बाहेर येते त्या टोकाला, बोटाच्या पेराएवढं कॉर्ड लॉक असतं. त्यात खाचा पाडलेली एक छोटी लाट (बारीक दंडगोल) तिरक्या खोबणीत मोकळी सरकते. तुम्ही दोरी सोडली की पट्ट्यांच्या वजनाने दोरी आत खेचली जाते, लाटेलाही सोबत नेते आणि लाट व समोरची खुंटी यांच्यात चिमटली जाते. भार वाढला की चिमटाही घट्ट होतो. सोडवायचं तर दोरी जराशी खाली ओढून ब्लाइंडच्या मध्याकडे तिरकी धरायची. लाट बाजूला होते आणि ब्लाइंड उतरतो. बाहेरच्या बाजूला तिरकी धरली की लॉक लागतं. बहुतेक लॉक असंच चालतं.

या यंत्रणेत भाग कमी असतात, किंमत कमी असते आणि दुरुस्ती घरी होते. दोष एकच, पण मोठा: दोरी नेमकी चिमट्याच्या जागी झिजते. आपण ब्लाइंड रोज त्याच उंचीवर थांबवतो, म्हणजे दोरीचा तोच दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा रोज चावला जातो. तिथली दोरी आधी चपटी आणि गुळगुळीत होते, मग तिला तंतू सुटतात. थांबवायची उंची अधूनमधून दोन इंच बदलली तरी दोरीचं आयुष्य वाढतं. रस्त्याकडेच्या खिडकीत लॉकमध्ये धूळ साचते आणि लाट अडकून राहते. ती कोरड्या ब्रशने झाडा. तेल किंवा स्प्रे मारू नका, कारण इथली सगळी पकड घर्षणावरच आहे.

दोरी बदलायची असेल तर ब्लाइंड पूर्ण खाली सोडा आणि हाताकडचा गोंडा कापा. जुन्या दोरीचं टोक आणि नव्या दोरीचं टोक लायटरने किंचित वितळवून जोडा. सांधा दोरीपेक्षा जाड होता कामा नये, नाहीतर तो लॉकमध्ये अडकतो. लॉक उघडं धरा आणि खालच्या दांड्याखालची गाठ सोडून तिथून जुनी दोरी ओढा. नवी दोरी आपोआप सगळ्या पट्ट्यांतून खाली येते. जुन्या दोरीचा तुकडा दुकानात घेऊन जा. बारीक दोरी लॉकमधून घसरते, जाड दोरी आत शिरतच नाही. एका बाजूला लोंबणारा ब्लाइंड बहुतेक वेळा दोन दोऱ्यांची लांबी असमान झाल्यानेच लोंबतो: पूर्ण खाली घ्या, गोंड्याजवळची गाठ सोडा, दांडा आडवा सरळ करून पुन्हा गाठ मारा.

अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांच्या, चार फुटांपर्यंत रुंद ब्लाइंडला कॉर्ड लॉक पुरतं. लाकडासारख्या दिसणाऱ्या पीव्हीसीच्या पट्ट्यांना ते घेऊ नका. त्या खऱ्या लाकडाहून जड असतात आणि रोज वर नेताना हात भरून येतो.

मण्यांची साखळी आणि क्लच

आज रोलर आणि झेब्रा ब्लाइंडला (जाड आणि पारदर्शक पट्टे आलटून-पालटून असलेल्या दुहेरी कापडाच्या रोलरला) हेच मिळतं, आणि त्याला कारण आहे. नळीच्या टोकातल्या क्लचमध्ये मधोमध एक न फिरणारा गाभा असतो. त्यावर तारेच्या एक-दोन स्प्रिंग घट्ट बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीची दोन्ही टोकं बाहेर वाकवलेली असतात. साखळीचं चाक फिरलं की ते या टोकाला अशा बाजूने ढकलतं की स्प्रिंग किंचित उलगडते, गाभ्यावरची पकड सुटते आणि नळी फिरते. कापडाच्या वजनाने नळी स्वतःहून फिरू पाहते, तेव्हा टोक उलट्या बाजूने दाबलं जातं, स्प्रिंग आवळते आणि नळी जागच्या जागी थांबते. वेगळं लॉक लागत नाही आणि ब्लाइंड हव्या त्या उंचीवर राहतो. साखळी सोडल्यावर तो पाव इंच खाली बसला तर तो बिघाड नव्हे. स्प्रिंग आवळेपर्यंतची ती मोकळीक आहे.

बिघाड होतात ते साखळीकडून. नवी साखळी घेताना लोक मण्याचा आकार पाहतात, पण दोन मण्यांमधलं अंतर पाहत नाहीत. नेहमीच्या साखळीत मणी ४.५ मिमीचा आणि एका मण्याच्या मध्यापासून पुढच्या मण्याच्या मध्यापर्यंत ६ मिमी असतात. दहा मणी पुढे गेलं की ६० मिमी भरायला हवेत. हे जुळलं नाही, तर साखळी चाकावर टकटक उड्या मारते आणि चाकाचे दात खाते. साखळीचा जोड कधीही क्लचमध्ये शिरू देऊ नका. तो शिरला तर अडकतो, आणि जोर लावला तर तुटतो. त्यासाठी साखळीवर अडवणारे मणी लावायचे असतात. घाईत फिटिंग करणारे हेच विसरतात.

साखळी सरळ खाली ओढायची. सोफ्यावर बसून तिरकी ओढली की ती चाकावरून उतरते. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राकडच्या खिडकीत निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी साखळी घेऊ नका. मुलामा उडाला की गंजाचे डाग थेट कापडावर येतात. प्लास्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या.

कापड गुंडाळताना एका बाजूला सरकून कडा ब्रॅकेटला घासत असेल, तर आधी नळी स्पिरिट लेव्हलने तपासा. दोन-तीन मिलिमीटरचा उतारही पुरेसा असतो. नळी सरळ असूनही कापड सरकत असेल, तर ब्लाइंड पूर्ण उतरवून नळीच्या एका टोकाला कागदी टेपचा छोटा तुकडा लावा. सरकणं वाढलं तर तो काढून दुसऱ्या टोकाला लावा. मापाच्या वेळी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: ब्रॅकेट आणि क्लच दोन्हीकडे जागा घेतात, म्हणून कापड एकूण रुंदीपेक्षा साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटर अरुंद असतं. चौकटीच्या आत बसवलं तर कडेने उन्हाची फट राहते. झोपायच्या खोलीत ब्लाइंड चौकटीबाहेर भिंतीवरच बसवा.

रोमन ब्लाइंडला आमचं ठाम मत साखळीचंच आहे. त्यात आडव्या दांड्यावर प्रत्येक दोरीला स्वतंत्र रीळ असतं, म्हणून सगळ्या दोऱ्या सारख्या गुंडाळल्या जातात. कॉर्ड लॉकच्या रोमनमध्ये तीन-चार दोऱ्या एका बाजूला आणून एकत्र ओढाव्या लागतात आणि अस्तर लावलेलं कापड वर पोचेपर्यंत फार जड होतं.

चिकाच्या पडद्याची कप्पी

बाल्कनीतल्या बांबूच्या चिकाला अजूनही जुनीच रचना चांगली. दोरीचं एक टोक मागे वरच्या फळीला बांधलेलं असतं. दोरी गुंडाळीच्या खालून फिरून पुढून वर कप्पीत जाते. त्यामुळे गुंडाळीच सरकत्या कप्पीचं काम करते आणि हाताला निम्म्याच्या आसपास वजन लागतं. बदल्यात दोरी मात्र दुप्पट ओढावी लागते. चार फूट रुंद आणि सहा फूट लांब चिकाला एका बाजूची दोरी १२ फूट अधिक हातात धरायला ४, म्हणजे १६ फूट. दुसऱ्या बाजूची रुंदी ओलांडून येते म्हणून २० फूट. एकूण ३६ फूट होतात, म्हणून १२ मीटर घ्या. सुतळी नको, पावसात ती कुजते. नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची दोरी घ्या आणि ती भिंतीवरच्या खुंटीला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळून बांधा.

दोरीशिवाय: स्प्रिंग

स्प्रिंगचा रोलर जुना आहे. अमेरिकेत स्टुअर्ट हार्टशॉर्न यांनी १८६४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नळीत लांब स्प्रिंग आणि टोकाला खाचांचं चाक असतं. नळी हळू फिरत असेल तर छोटी खिट्टी खाचेत पडते आणि पडदा थांबतो. भराभर फिरली तर खिट्ट्या बाहेर फेकल्या जातात आणि पडदा वर जातो. रोलरला स्प्रिंग शोभते याचं कारण सुरुवातीला सांगितलेलं भाराचं गणित: पडदा पूर्ण खाली असताना भार सर्वांत जास्त आणि नेमकी तेव्हाच स्प्रिंगही सर्वांत जास्त ताणलेली. पडदा वर जायला आळस करू लागला, तर तो अर्धा उतरवून ब्रॅकेटमधून काढा, हाताने गुंडाळा आणि परत बसवा. तेवढे फेरे स्प्रिंगमध्ये वाढतात. पडदा सुसाट जाऊन वर आपटत असेल, तर उलट करा.

व्हेनेशियनमध्ये भार वर जाताना वाढतो, म्हणून तिथे स्प्रिंगला घर्षणाची मदत घ्यावी लागते. काही वर्षांनी असा ब्लाइंड वरच्या टोकाला थोडा खाली येतो किंवा तळाशी थोडा वर उचलतो. छोट्या खिडकीत हे फारसं जाणवत नाही. अडचण हाताच्या पोचेची आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यामागच्या खिडकीत दोन फूट ओट्यावरून वाकून दांडा धरायचा आणि डोक्यावर नेऊन सोडायचा, हे रोज जमत नाही. तिथे साखळीच बरी.

मोटरबद्दल थोडक्यात. फार उंच, फार रुंद किंवा हात पोचत नाही अशा खिडकीला ती घ्यावी. विजेवरची मोटर घ्यायची असेल, तर विजेचा पॉइंट भिंत रंगवण्याआधी बसवून घ्या. वीज गेली की ब्लाइंड आहे तिथेच राहतो. बॅटरीवरची घेतली तर चार्जिंगची पिन शिडीशिवाय हाताला येते का, ते आधी पाहा.

घरात लहान मूल असेल तर

मोकळा लोंबणारा फास मुलाच्या गळ्यात बसू शकतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने दिलेल्या आकड्यानुसार तिथे पाच वर्षं आणि त्याहून लहान अशी दर वर्षी सरासरी नऊ मुलं ब्लाइंडच्या दोरीने दगावतात. तिथल्या मानकात १ जून २०२४ पासून मापाने बनवलेल्या ब्लाइंडलाही मोकळी लोंबणारी दोरी चालत नाही. कॅनडात २०२२ पासून हाताला येणारी दोरी २२ सेंटिमीटरहून लांब आणि फासाचा घेर ४४ सेंटिमीटरहून मोठा चालत नाही. तिकडे राहणाऱ्यांनी इथून मापाचे ब्लाइंड्स शिवून नेण्याआधी हे पाहावं.

आपल्याकडे लांबलचक साखळी सर्रास मिळते. साखळी घ्यायचीच असेल, तर ती खालच्या ताणपट्टीत (साखळी ताणून धरणाऱ्या तुकड्यात) अडकवून ताणपट्टी भिंतीला स्क्रूने पक्की करा. ती नुसती साखळीत लोंबत ठेवली तर फास तसाच राहतो. पाळणा आणि पलंग त्या खिडकीपासून दूर सरकवा. रोमनच्या मागच्या कड्यांमधली दोरीही ओढून फास होतो, म्हणून मुलाच्या खोलीत रोमन नकोच. तिथे स्प्रिंगचा किंवा मोटरचा घ्या, पैसे जास्त गेले तरी.

फिटिंगवाला निघण्याआधी ब्लाइंड दहा वेळा पूर्ण वर-खाली करून घ्या. कापडाची कडा नळीवर एकावर एक बसते का, साखळीचा जोड क्लचपासून लांब थांबतो का, ताणपट्टीचे स्क्रू गिट्टीत घट्ट आहेत की नुसत्या प्लास्टरमध्ये, हे त्याच्यासमोर पाहा आणि मगच उरलेले पैसे द्या.