ब्रायरच्या पाइपवर स्पिरिटचा रंग : काही महिन्यांच्या वापरानंतर

चामड्यासाठी मिळणारा फीबिंग्ज कंपनीचा स्पिरिटमधला रंग ब्रायरच्या (तंबाखूचे पाइप बनवायचं कठीण मुळाचं लाकूड) पाइपवर वापरून आता बरेच महिने झाले. काळा, गडद तपकिरी आणि लालसर तपकिरी असे तीन रंग. काही पाइप नवे, काही जुना रंग उतरवून पुन्हा रंगवलेले, सगळे रोजच्या वापरातले. मत आधीच सांगतो: काळा आणि तपकिरी उत्तम, लाल छटा उन्हात फिकी पडते आणि निकाल बाटलीपेक्षा लाकडाच्या तयारीवर ठरतो.

जुन्या पाइपवर आधीचं मेण राहिलं की तिथे रंग शिरतच नाही, ढगाळ डाग उमटतात. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने कापडावर रंग-मेण येणं थांबेपर्यंत पुसा. मग २२०, ३२०, ४०० या क्रमाने पॉलिश पेपर. घासताना तोंडात धरायची नळी जागेवरच ठेवा, तिच्यावर टेप लावा. नळी काढून घासलं की ती जिथे बसते त्या लाकडी दांडीची कड गोल होते आणि जोडावर पायरी दिसते. रंग लावताना मात्र नळी काढायची. अॅक्रिलिकच्या नळीवर अल्कोहोल लागलं तर बारीक तडे जाऊ शकतात.

४०० नंतर पाइप एकदा अल्कोहोलने ओला करून उजेडात तिरका धरा. कोरड्या लाकडावर न दिसणारे २२० चे आडवे ओरखडे तेव्हाच दिसतात. ते राहू दिले तर काळा रंग त्यांत भरतो आणि लाकडाच्या नैसर्गिक रेषांऐवजी ओरखडेच उठून दिसतात. ही पायरी कधीच गाळू नये.

तंबाखू भरायच्या वाटीच्या आत आणि दांडीच्या भोकात कापसाचा घट्ट बोळा. आत रंग नको: तिथे तो तापतो आणि चव बिघडवतो.

रेषा उठवायच्या असतील तर पहिला हात पातळ न केलेल्या काळ्याचा. ओला असतानाच लायटरने पेटवा. निळी ज्योत क्षणभर धावून विझते, अल्कोहोल जळून जातं. बाटली बंद करून लांब ठेवल्याशिवाय काडी पेटवू नका, हातमोज्यांवर रंग सांडलेला असेल तर मोजे बदला. काही तास वाळवून ४०० आणि मग ६०० ने घासा. जिथे लाकडाने रंग खोल शोषला तिथे काळा राहतो, बाकी निघून जातो. त्यावर तपकिरी, एक भाग रंगाला दोन भाग अल्कोहोल. एक दिवस वाळू द्या, मग किंचित ओल्या कापडाने जादा रंग पुसा. पाइप हातात धरल्यावर बोटं रंगतात ती याच जादा रंगामुळे, त्यात रंगाचा दोष नाही.

वरून चपडी लाखेचा पातळ हात हवाच, नाहीतर घामाने रंग सुटतो. मेण काढलेली लाख, १०० मिली अल्कोहोलला १२ ग्रॅम. लाखेतलं अल्कोहोल खालचा रंग पुन्हा विरघळवतं, म्हणून पहिला हात सुताच्या बोळ्याने एकाच ओढीत. तिथेच परत फिरवलं की पट्टा पडतो. वाटीच्या वरच्या कडेला लाख लावू नका, उष्णतेने ती मऊ आणि चिकट होते. कडेवर फक्त कार्नोबा मेण. हे मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, त्यामुळे सुती बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) हलक्या दाबाने चढतं. दाब वाढवला तर उष्णतेने लाख ओढली जाते. पॉलियुरेथेन व्हार्निश वापरू नका, तापून त्याला फोड येतात आणि मग सगळंच उतरवावं लागतं.

महिन्यांनंतर सर्वांत आधी जाते ती कडच, लायटरच्या ज्योतीमुळे. पूर्ण पाइप उतरवायची गरज नाही: ६०० चा हलका हात, तपकिरीचा बोळा, वरून मेण. वाटीच्या बाजूंवर, जिथे लाख आहे, काळा-तपकिरी अजून पहिल्या दिवसासारखा आहे. खिडकीतल्या स्टँडवरच्या लालसर पाइपची उन्हाकडची बाजू मात्र स्पष्ट फिकी झाली आहे. लाल हवाच असेल तर पाइप बंद कपाटात ठेवा.