व्हेट कॉलेजच्या मुलाखतीचा सराव: अभिनेत्रीला पैकीच्या पैकी, उत्तरसंचाला नाही

पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेश-मुलाखतीची तयारी करून घेणारी एक ऑनलाइन सेवा मी घेतली. तिचे दोन भाग आहेत: व्हिडिओवर सराव मुलाखत, आणि ‘आदर्श उत्तरां’चा जाडजूड संच. विकतात दोन्ही एकत्र, पण दोन्हींचा दर्जा इतका वेगळा आहे की सविस्तर लिहावंसं वाटलं. मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते. रोज जे बघते त्याच्याशी पडताळूनच मी ही सेवा जोखली आहे.

आधी एमएमआयबद्दल, म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू. तिघांनी समोर बसून बराच वेळ प्रश्न विचारायचे, असा प्रकार यात नसतो. छोटी छोटी स्टेशनं असतात, प्रत्येक स्टेशनवर वेगळा परीक्षक. प्रश्न वाचायला मिनिट-दोन मिनिटं आणि उत्तराला साधारण पाच ते दहा मिनिटं मिळतात. घंटा झाली की पुढच्या स्टेशनवर. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ही पद्धत डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी निघाली, २००४ मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध आला, आणि आज अनेक व्हेट कॉलेजं ती वापरतात. एक स्टेशन बिघडलं तरी पुढच्या परीक्षकाला त्याची खबर नसते, हा मला तिचा सगळ्यात न्याय्य भाग वाटतो.

सराव मुलाखतीतलं संवादाचं स्टेशन अप्रतिम होतं. म्हाताऱ्या मांजरीची मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत आणि मालकीण समोर बसली आहे. ही मालकीण म्हणजे सेवेने नेमलेली अभिनेत्री. तिचा पहिलाच प्रश्न, “खर्च किती येईल?” त्यानंतर ती गप्प. ती शांतता तिने भरू दिली नाही, स्वतःही भरली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, “ही माझ्या आईची मांजर. आई गेली, आता हीच उरलीय.” आमच्या दवाखान्यात अगदी असंच होतं. पैशाचा प्रश्न पुढे येतो आणि त्याच्या मागे दुसरंच काही उभं असतं. हे ज्याने लिहिलं त्याने दवाखान्याच्या बाकावर बसलेली माणसं पाहिली आहेत, याबद्दल मला शंका नाही.

नंतरचा फीडबॅकही तसाच. ‘सहानुभूती दाखवा’ असलं मोघम काही नाही. कोणत्या वाक्यानंतर तिचे खांदे सैल झाले, कोणत्या वैद्यकीय शब्दाला तिची नजर दुसरीकडे गेली, हे रेकॉर्डिंग थांबवून दाखवलं. आणि एक गोष्ट बजावून सांगितली, जी मला फार पटली: तुम्ही अजून पशुवैद्य नाही, निदान किंवा उपचार सांगायला जाऊ नका. परीक्षक तुमचं ऐकणं तपासतोय.

आकृतीचं वर्णन करून समोरच्याकडून ती काढून घेण्याचं स्टेशन ठीकठाक होतं. हिशेबाचं चांगलं. १८ किलोचा कुत्रा, किलोमागे ४ मिलिग्रॅम औषध, द्रावण २ टक्के, तर किती मिलिलिटर? खरी मेख त्या टक्क्यांत आहे. २ टक्के म्हणजे मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, म्हणून ७२ भागिले २०, उत्तर ३.६. औषधाच्या मात्रेत दशांशचिन्ह सरकलं तर जनावराच्या जिवावर बेततं, त्यामुळे असे प्रश्न जितके द्याल तितके थोडे.

आता उत्तरसंच. याच्यावर माझा राग आहे. प्राणिकल्याणाच्या प्रश्नाला ‘पाच स्वातंत्र्ये, १९६५’ असं पाठ करायला दिलंय. पाच स्वातंत्र्ये म्हणजे भूक-तहान, वेदना, भीती अशा गोष्टींपासून जनावराला मिळायला हवी ती मोकळीक. १९६५ मध्ये आला तो ब्रिटनमधला ब्रॅम्बेल समितीचा अहवाल. जनावराला उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि पाय ताणता आले पाहिजेत, एवढीच स्वातंत्र्यं त्यात होती. पाच स्वातंत्र्यांची यादी १९७९ मध्ये तिथल्याच फार्म अ‍ॅनिमल वेल्फेअर कौन्सिलने मांडली. पुढे १९९४ मध्ये मेलर आणि रीड यांनी ‘फाइव्ह डोमेन्स’, म्हणजे जनावराचं कल्याण जोखायची पाच क्षेत्रं, मांडली आणि जनावराच्या मनाच्या स्थितीचा विचार मोजमापात आणला. त्याचा संचात उल्लेखही नाही. विषय इतका पुढे गेलेला असताना मुलांच्या हाती अर्धवट सनावळी का द्यायची?

निरोगी कुत्र्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवा अशी मालकाने मागणी केली तर? संच म्हणतो, “ठाम नकार द्या.” बस, इतकंच. कारण विचारायचं नाही? कुत्रा मुलाला चावला असेल, मालक स्वतः आजारी असेल, घर सुटलं असेल. वर्तनतज्ज्ञाकडे पाठवता येतं, दुसरं घर शोधता येतं, आणि एवढं करूनही उत्तर अवघडच राहू शकतं. परीक्षकाला ऐकायचा असतो तो हा विचार. पाठ केलेला नकार “बरं, मग पुढे?” या एका प्रश्नात कोसळतो. ‘पशुवैद्य का व्हायचंय’ याचं तयार उत्तर तर प्रत्येक ग्राहकाला एकच दिलंय, लहानपणच्या जखमी पिल्लासकट. दुसऱ्याचं पिल्लू आपलं म्हणून सांगायला शिकवणं मला मुळीच मान्य नाही.

सराव मुलाखतीला पाचपैकी पाच, संचाला एक, तोही त्यातल्या हिशेबाच्या प्रश्नांसाठी. दोन्ही वेगळे विकावेत असं मी सेवा देणाऱ्यांना कळवलंय. तोवर घेणार असाल तर संचातले फक्त प्रश्न वाचा, उत्तरांची पानं बंद ठेवा, आणि सराव मुलाखतीत संवादाची स्टेशनं जास्त द्या म्हणून आधीच सांगून ठेवा. मागितली की देतात.