दहा लिटरची घरगुती बिअर: सुधारित उपकरणे काही महिने वापरल्यानंतर

पश्चिम लंडनमधील आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मी दहा-दहा लिटरच्या छोट्या बॅचमध्ये बिअर बनवते. पूर्वी गॅसवरचे मोठे पातेले, त्यात सोडलेली धान्याची पिशवी, झाकणाची प्लास्टिकची बादली आणि बाटल्या एवढ्यावर सगळे भागत असे. गेल्या शरद ऋतूपासून मी ही मांडणी टप्प्याटप्प्याने बदलली. पंप आणि थर्मोस्टॅट असलेली अठरा लिटरची विजेची केटल, तापमान नियंत्रकाला जोडलेला एक जुना फ्रिज, दाब सहन करणारा फर्मेंटर (बिअर आंबवण्याचे भांडे) आणि साडेनऊ लिटरचा स्टीलचा केग (तयार बिअर दाबाखाली साठवण्याची टाकी) अशा चार गोष्टी घरात आल्या. हिवाळा आणि वसंत ऋतू संपून आता उन्हाळा सुरू झाला आहे, आणि एवढ्या वापरानंतर माझे मत पक्के झाले आहे की ज्या वस्तूवर सर्वांत जास्त पैसे गेले तिने चवीत सर्वांत कमी फरक पाडला, आणि जिच्यावर सर्वांत कमी गेले तिने सर्वांत जास्त.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याविषयी लिहिणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये घरी बिअर बनवण्यासाठी पूर्वी परवाना लागत असे. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली, आणि तेव्हापासून घरच्या वापरापुरती बिअर बनवायला येथे परवाना लागत नाही, शुल्कही नाही. ती विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात परिस्थिती अगदी वेगळी आहे. तेथे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते घरच्यासाठी का असेना. त्यामुळे जेथे कायद्याने मुभा आहे अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी वाचकांसाठीच हा अनुभव लिहीत आहे.

दहाच लिटर का, असे मला अनेकदा विचारले जाते. ४.८ टक्के मद्यार्काच्या दहा लिटर बिअरमध्ये येथील मोजणीनुसार ४८ युनिट होतात, आणि येथील आरोग्य खात्याची शिफारस आठवड्याला १४ युनिटांपेक्षा जास्त नको अशी आहे. आमच्या घरी दोघेजण बेताने पिणारे. तेवीस लिटरची नेहमीची बॅच संपेपर्यंत हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, वास उडून गेलेला असतो. छोट्या बॅचमुळे बिअर ताजी असतानाच संपते, आणि पुढची वेगळ्या प्रकारची करता येते. वेळ मात्र वाचत नाही, हे आधीच सांगून ठेवते. दहा लिटरला लागणारे पाच तास आणि वीस लिटरला लागणारे पाच तास यांत फारसा फरक नसतो, कारण मॅशचा (धान्य गरम पाण्यात मुरवण्याचा) एक तास आणि उकळण्याचा एक तास दोन्हीकडे सारखाच.

छोट्या बॅचचे दुखणेही वेगळे असते. द्रव कमी असल्याने तो भराभर तापतो आणि भराभर निवतो. केटलच्या तळाशी नळापर्यंत न पोहोचणारा सव्वा लिटर तेवीस लिटरमधून गेला तर जाणवत नाही, दहामधून गेला तर आठवा हिस्सा गेलेला असतो. फर्मेंटरमधल्या मोकळ्या जागेतील हवाही बिअरच्या मानाने जास्त असते. उपकरणे निवडताना हा हिशेब कोणी समजावून सांगत नाही, कारण बहुतेक उपकरणे मुळात तेवीस लिटर डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली असतात.

आता फ्रिजविषयी. शेजारच्या भागातील एका कुटुंबाने काढून टाकलेला, बर्फाचा कप्पा नसलेला फ्रिज मला जवळजवळ फुकटच मिळाला. त्याला दोन सॉकेट असलेला तापमान नियंत्रक जोडला. एका सॉकेटवर फ्रिज, दुसऱ्यावर फर्मेंटरभोवती गुंडाळायचा उष्णतेचा पट्टा. यीस्ट साखर खाताना उष्णता निर्माण करते, त्यामुळे किण्वन जोरात असताना आतील द्रव बाहेरच्या हवेपेक्षा सहज तीन-चार अंशांनी गरम असतो. खोलीत २१ अंश दिसत असताना बादलीत २५ असू शकतात, आणि त्या तापमानाला एल प्रकारच्या बिअरची अनेक यीस्ट जड, घशाला चटका देणारी अल्कोहोले तयार करतात. म्हणून नियंत्रकाचा सेन्सर फ्रिजच्या हवेत लोंबकळत ठेवू नये; फर्मेंटरच्या अंगाला, द्रवाच्या पातळीच्या बरेच खाली चिकटवावा आणि त्यावर फोमचा जाड तुकडा बांधावा. फ्रिज किंवा पट्टा चालू होण्यासाठी लागणारा तापमानाचा फरक मी अर्ध्या अंशाचा ठेवते आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटांची विश्रांती देते, म्हणजे जुना कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊन खराब होत नाही.

याचा परिणाम पहिल्याच पेल एलमध्ये दिसला. सेफेल यूएस-०५ हे कोरडे यीस्ट, सुरुवातीचे तीन दिवस १८ अंश, मग हळूहळू २० अंश, आणि शेवटी दोन दिवस तसेच राहू देणे. या शेवटच्या दोन दिवसांत यीस्ट डायअसेटिल नावाचे, लोण्यासारखा वास देणारे द्रव्य स्वतःच शोषून घेते. आंबण्यापूर्वीची मूळ घनता १.०४८ (पाण्याची १), आंबल्यानंतरची अंतिम १.०११, म्हणजे जवळपास ४.९ टक्के मद्यार्क. आकडे पूर्वीसारखेच होते, पण घोट घेतल्यावर मागे राहणारा तिखटपणा पूर्णपणे गेला होता. ज्यांच्याकडे एकाच सुधारणेपुरते पैसे आहेत त्यांनी ते येथे खर्च करावेत, असे मी अत्यंत कळकळीने सांगेन.

केटलचे कौतुक मी करते ते सोयीसाठी. पिशवी उचलून पिळण्याचा त्रास संपला, गॅसपाशी उभे राहणे संपले. सुमारे अडीच किलो माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) जाळीच्या नळकांड्यात घालायचे, ६६ अंशांवर तासभर ठेवायचे आणि पंपाने खालचे पाणी वरून धान्यावर सोडत राहायचे. तापमान येथे महत्त्वाचे असते, कारण साठ ते पासष्टच्या आसपास काम करणारे एन्झाइम यीस्टला पूर्ण खाता येईल अशी साखर देते, तर सत्तरच्या जवळ काम करणारे दुसरे एन्झाइम बिअरला अंग देणारे मोठे रेणू मागे ठेवते. केटलच्या पडद्यावर ६६ दिसत असताना धान्याच्या मध्यभागी माझ्या थर्मामीटरवर ६३ दिसतात, कारण केटलचा सेन्सर तळाशी, तापणाऱ्या भागाच्या शेजारी आहे. पंपाचा वेग वाढवला की हा फरक कमी होतो, पण मग धान्य दाबले जाऊन पाणी खाली झिरपेनासे होते. मी पडद्यावर दोन अंश जास्त ठेवते, पंप मध्यम चालवते आणि मधूनमधून पळीने धान्य हलवते. जे उपकरण स्वयंचलित म्हणून विकले जाते त्यात एवढे लक्ष द्यावे लागणे मला पटत नाही.

गहू किंवा ओट्स जास्त असलेल्या बॅचमध्ये तर धान्याचा चिखल होतो, कारण गव्हाला टरफल नसते आणि ओट्सचे काढून टाकलेले असते. यावर उपाय म्हणजे मूठ-दोन मूठ भाताचे तूस. कोकणात गिरणीमागे ज्याचे ढीग पडलेले असतात ते येथे बिअरच्या साहित्याच्या दुकानात पाकिटातून विकत घ्यावे लागते, पण काम चोख करते. आधी धुऊन भिजवून घेतले की पाणी मोकळे वाहते आणि चवीत काही उतरत नाही.

केटलची १८०० वॉटची शक्ती पाणी तापवायला उत्तम आहे, मात्र उकळताना दहा-बारा लिटरसाठी ती जास्त होते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट वीज लागते; पूर्ण शक्तीवर तासाभरात दोन लिटरहून जास्त वर्ट (धान्यातून निघालेले, अजून न आंबवलेले गोड पाणी) उडून जातो आणि तळाशी तपकिरी थर धरतो. मी उकळी फुटली की शक्ती हजार वॉटवर आणते. झाकण मात्र कधीही ठेवत नाही, कारण फिकट माल्टमधून निघणारा शिजवलेल्या मक्यासारखा वास वाफेबरोबरच बाहेर जावा लागतो. संपूर्ण कामाला अडीच ते तीन युनिट वीज लागते. स्वयंपाकघराच्या खिडक्या पाण्याने ओघळतात, तेव्हा चांगला एक्झॉस्ट पंखा नसेल तर या केटलचा विचार करू नये.

पाण्यासाठी वेगळे उपकरण घेतले नाही, पण दोन गोष्टी कराव्याच लागतात. लंडनच्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असते, जे उकळून सहज जात नाही आणि बिअरला औषधी वास देते. कॅम्पडन या सल्फाइटच्या गोळीचा लहानसा तुकडा ते मिनिटांत निष्प्रभ करतो. शिवाय हे पाणी चुनखडीचे आणि जड आहे. पोर्टरसारख्या काळ्या बिअरला ते मानवते, पेल एलला नाही, म्हणून फिकट बिअरसाठी थोडे लॅक्टिक आम्ल आणि चिमूटभर जिप्सम.

दाबाचा फर्मेंटर आणि केग यांचे महत्त्व मला उशिरा पटले, आणि ते पटण्याचे कारण एकच तुलना आहे. हॉप्सचा सढळ वापर केलेल्या, गढूळ पेल एलची एकच बॅच किण्वनानंतर मी दोन भागांत विभागली. अर्धी नेहमीप्रमाणे साखर घालून बाटल्यांत भरली. उरलेली अर्धी बंद मार्गाने केगमध्ये नेली: केग आधी निर्जंतुक द्रवाने काठोकाठ भरला, तो द्रव कार्बन डायऑक्साइडने ढकलून बाहेर काढला, आणि मग फर्मेंटरमधली बिअर नळीतून सरळ केगच्या तळाशी सोडली, म्हणजे तिला हवा लागलीच नाही. तीन आठवड्यांनी दोन्ही ग्लास खिडकीपाशी शेजारी ठेवले. केगमधली बिअर फिकट पिवळी होती आणि नाकाजवळ नेताच संत्र्याच्या सालीचा वास आला. बाटलीतली मळकट तपकिरी झाली होती, वास जवळजवळ मेला होता आणि जिभेवर ओल्या पुठ्ठ्याची चव रेंगाळत होती. माल्ट तेच, हॉप्स तेच, यीस्टही तेच. फरक होता तो भरताना लागलेल्या हवेचा. ज्यांना स्टाउट किंवा बिटर आवडते त्यांना बाटल्यांनी काही अडणार नाही, पण हॉप्सप्रधान बिअर करणाऱ्यांसाठी बंद मार्ग अनिवार्य आहे, असे मी आता मानते.

दाबाखाली लागर, म्हणजे एरवी थंडीत सावकाश आंबवायची बिअर, लवकर आणि अठरा अंशांनाही करता येते, ही या फर्मेंटरची दुसरी ख्याती. सॅफलागर डब्ल्यू-३४/७० हे यीस्ट वापरून एक बारच्या आसपास दाब ठेवून मी तसे केले. बिअर लवकर तयार झाली आणि पाहुण्यांना आवडलीही, परंतु बारा अंशांना सावकाश आंबवून मग थंडीत विसावलेल्या लागरचा स्वच्छपणा तिच्यात नव्हता. हातात नियंत्रित फ्रिज असताना मी घाईचा मार्ग निवडणार नाही. येथे सुरक्षिततेविषयीही सांगते. प्लास्टिकच्या दाबाच्या भांड्यावर कमाल दाब आणि मुदत छापलेली असते, ती पाळलीच पाहिजे; दाब सोडणारा व्हॉल्व्ह कधीही काढून ठेवू नये आणि असे भांडे कडक गरम पाण्याने धुऊ नये.

केगमध्ये वायू मुरवण्यासाठी ४ अंशांना साधारण ११ ते १२ पीएसआय दाब आठवडाभर ठेवला की पेल एलला हवा तेवढा फेस येतो. सुरुवातीला मी सोडा मशीनचे छोटे सिलिंडर वापरले, ज्यात जेमतेम चारशे ग्रॅमच्या आसपास वायू असतो. केग धुणे, हवा काढणे आणि बिअर ओतणे या सगळ्यांत ते फार लवकर संपते. त्यातच एका सांध्यातून वायू गळत होता आणि रात्रीतून सिलिंडर रिकामे झाले. आता प्रत्येक जोडणीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहिल्याशिवाय फ्रिजचे दार बंद करत नाही, आणि मोठे भाड्याचे सिलिंडर हवेशीर जागी उभे बांधून ठेवले आहे.

या केटलने एक गोष्ट मात्र अशी करू दिली जी पातेल्यात जमली नसती, आणि ती माझी सर्वांत आवडती बिअर आहे. जर्मनीतील गोस्लार आणि लाइपझिग या शहरांशी जोडलेली गोझे ही आंबट बिअर मीठ आणि धणे घालूनच करतात. हॉप्स न घातलेला वर्ट ३८ अंशांवर दीड दिवस धरून ठेवायचा, त्यात लॅक्टोबॅसिलस हा आंबटपणा आणणारा जिवाणू आपले काम करतो, मग उकळून जिवाणू मारायचे, म्हणजे फर्मेंटरला त्यांचा संसर्ग होत नाही. थर्मोस्टॅटमुळे हे तापमान रात्रभर हलत नाही. शेवटी त्यात मी सिंधुदुर्गाहून आणलेली आमसुले घालते. आमसुलांना मीठ लावलेले असते, म्हणून पाककृतीतले मीठ निम्म्यावर आणते आणि चाखूनच वाढवते. रंग गुलाबी येतो, आंबटपणाला कोकमाची तुरट किनार मिळते, आणि मागून भाजलेल्या धण्यांचा वास येतो.

देखभालीचे काम कमी नाही. पंप प्रत्येक वेळी गरम पाणी आणि क्लीनर फिरवून धुवावा लागतो, केगचे नळ आणि रबरी कड्या अधूनमधून उघडून पुसाव्या लागतात, आणि निर्जंतुक करणारे आम्लाचे द्रावण सतत हाताशी लागते. माझ्या केटलच्या नळाचा वॉशर चार महिन्यांतच झिजला. विक्रेत्याने बदली भाग पाठवायला बरेच आठवडे लावले, शेवटी मी हार्डवेअरच्या दुकानातून अन्नासाठी चालणारा सिलिकॉनचा वॉशर आणला आणि तो अजून टिकून आहे. केटल घेताना तिच्या नळाचा आटा प्रमाणित अर्ध्या इंचाचा आहे ना, एवढे मात्र विचारून घ्यावे. तसा असेल तर असे सुटे भाग कोठेही मिळतात.