भाऊ दाजी लाड संग्रहालय : जीर्णोद्धारामागील सल्लागार सेवेविषयी अभिप्राय

आमच्या गावच्या जुन्या वाचनालयाला जोडून वस्तुसंग्रहालयाचे एक दालन आहे आणि त्याच्या कार्यकारी मंडळावर मी काम करतो. या दालनाच्या नूतनीकरणासाठी आम्ही एका सल्लागार संस्थेला काम दिले होते. तो अनुभव क्लेशकारक ठरला. त्यामुळे चांगल्या सल्ल्यातून काय घडते हे पाहण्यासाठी आम्ही तिघे सभासद भायखळ्याच्या राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात दिवसभर थांबलो.

ही वास्तू १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने लोकांसाठी खुली झाली. तिच्या उभारणीसाठी झटलेल्या, गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेल्या भाऊ दाजींचे नाव तिला १९७५ मध्ये मिळाले. पुढे तिची अवस्था बिकट झाली, तेव्हा २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, इंटॅक (वारसा जतनाचे काम करणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. मालकी पालिकेची, तज्ज्ञांचे मार्गदर्शन इंटॅकचे आणि आर्थिक पाठबळ फाउंडेशनचे अशी ही मांडणी मला फार महत्त्वाची वाटते, कारण लहान संस्थांमध्ये पैसा देणाराच बहुधा रंगसुद्धा ठरवतो. वास्तुसंवर्धनाचे काम विकास दिलावरी यांच्याकडे होते. वास्तूच्या संवर्धनाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले.

आत पाऊल टाकताच नजर ओतीव लोखंडाच्या खांबांवरून सोनेरी नक्षीकडे जाते. पायाखाली मिंटन या इंग्लिश कंपनीच्या फरश्या आहेत. एवढी श्रीमंती असूनही डोळ्यांवर काही आदळत नाही. लाकडी कपाटे त्या दालनाचीच वाटतात. एकोणिसाव्या शतकात लोकांना जग कसे मांडून दाखवले जात होते, हेही इथे वस्तूंइतकेच पाहण्यासारखे आहे, आणि ती मांडणी मोडून तिथे चकचकीत नवे दालन न उभारण्याचा संयम सल्लागारांनी दाखवला. वरच्या मजल्यावर वेगवेगळ्या समाजांतील माणसांच्या वीतभर उंचीच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. त्यांच्या पागोट्यांचे पीळ निरखत मी बराच वेळ उभा होतो. आमच्याकडे याच गोष्टीला ‘जुनाट’ म्हणून काट मारली गेली असती.

आमच्याकडे घडले ते असे. सल्लागारांनी इंग्रजीत जाडजूड अहवाल दिला. तो आमच्या दालनाची रोज झाडलोट करणाऱ्या आणि वाळवीवर लक्ष ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला वाचताही येत नव्हता. अहवालात टचस्क्रीन होते, पण दाखल नोंदवही, म्हणजे संग्रहातील वस्तूंची क्रमवार नोंद, पूर्ण करण्याविषयी एक ओळही नव्हती. आमच्या सुमारे चारशे वस्तूंपैकी निम्म्यांवर क्रमांकच नाहीत. पोथ्यांची फाटलेली पाने पारदर्शक चिकटपट्टीने जोडण्यात आली आणि वर्षभरात त्या पट्ट्या पिवळ्या पडून शाई ओढू लागल्या. सर्वांत मोठे नुकसान एका पितळी घंटेचे झाले. तिच्यावर दात्याचे नाव आणि शक कोरलेला होता. ‘चमक यावी’ म्हणून ती पॉलिशच्या यंत्रावर घासली गेली आणि आता विजेरीचा उजेड तिरपा धरला तरच कडेची दोन अक्षरे कशीबशी दिसतात. जुन्या धातूवरचा काळसर थर म्हणजे मळ नव्हे, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही, याची मला खंत आहे.

भायखळ्याचे काम आमच्यासारख्या संस्थेला जसेच्या तसे उचलता येणार नाही, कारण तेवढा निधी आणि तेवढी वर्षे कोणाकडे असतात? त्यातला क्रम मात्र उचलता येतो: आधी वास्तूची आणि वस्तूंची तपासणी, मग दुरुस्ती, आणि सजावट सर्वांत शेवटी. सल्लागार नेमू पाहणाऱ्या मंडळांनी हे काम प्रत्यक्ष पाहून यावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

आम्ही आता नव्याने दरपत्रके मागवली आहेत. पहिला हप्ता नोंदवही पूर्ण झाल्यावरच दिला जाईल, प्रत्येक वस्तूचे काम सुरू होण्याआधीचे छायाचित्र घेतले जाईल, अहवाल मराठीत असेल आणि मंडळाच्या लेखी संमतीशिवाय एकाही वस्तूला रसायन किंवा यंत्र लागणार नाही, या चार अटी त्यांत घातल्या आहेत.