युरोपच्या द्राक्षाला पनेट कोणतं: आरपेट की पुठ्ठा?

युरोपीय संघाचा नवा पॅकेजिंग नियम (२०२५/४०) १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होतो. म्हणजे नाशिकच्या पॅकहाऊसची पहिली परीक्षा जानेवारी २०२७ च्या हंगामात. इंग्लंडला जाणारा माल यात नाही, रॉटरडॅमला उतरणारा आहे. पाच किलोच्या बॉक्समध्ये ५०० ग्रॅमचे दहा पनेट (द्राक्षं भरायचे छोटे डबे), हे गणित तेच. पनेट कशाचं, एवढंच ठरवायचं.

फळाच्या सोयीनं बघितलं तर आरपेट, म्हणजे पुनर्वापरित पारदर्शक पीईटी प्लास्टिक, उजवं. घड दिसतो, ओल शोषली जात नाही. पुठ्ठा ओलही पितो आणि ग्रेपगार्डमधला (बुरशी रोखायला बॉक्समध्ये ठेवतात तो कागद) थोडा सल्फर डायऑक्साइडही. शून्य अंशाला, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत काही आठवडे राहिला की तळ मऊ पडतो, बाजू फुगतात आणि वरच्या थराचं वजन मण्यांवर येतं. बिघाडाला सुरुवात मात्र बहुतेकदा लोडिंगलाच होते. मार्चच्या उकाड्यात गार बॉक्स जरा उघड्यावर राहिला की दव धरतं. तळाला दुहेरी घडी घ्यावी, पनेटची उंची बॉक्सपेक्षा पाच-सात मिलिमीटर कमी ठेवावी म्हणजे भार बॉक्सचे कोपरे उचलतील, आणि माल कोल्ड रूममधून थेट कंटेनरमध्ये जावा.

पाणी न शोषणारं कोटिंग सुचवलं गेलं तर आधी पीएफएएसचं (पाणी-तेल अडवणारी, लवकर न विरणारी फ्लोरिनयुक्त रसायनं) विचारा, कारण नव्या नियमात त्यावर मर्यादा आहे. एका पीएफएएसची मर्यादा २५ पीपीबी (अब्ज भागांत २५), सगळ्यांची बेरीज २५० पीपीबी. एकूण फ्लोरिन किलोला ५० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते कुठून आलं, हे मागितल्यावर सिद्ध करावं लागतं. ही कटकट खरी, पण पुठ्ठा आणि कोटिंग बदलत नाही तोवर एकदाच निस्तरायची.

आरपेटची कटकट दर लॉटला. अन्नाला लागणारं पुनर्वापरित प्लास्टिक मान्यताप्राप्त प्रक्रियेतूनच यायला हवं, आणि रिसायकलरचं अनुपालनपत्र बॅचसोबत लागतं. फेब्रुवारीत पनेट संपतात, घाईघाईत दुसऱ्याकडून आणले जातात. दिसायला हुबेहूब, कागद जुळत नाहीत. पनेटवर तुमचा ब्रँड असेल तर अनुरूपतेची घोषणा (पॅकेजिंग नियमात बसतं, असं लेखी) तुमच्याच सहीची, आणि ती पाच वर्षं जपायची. आम्हाला पुठ्ठ्याकडे झुकवलं ते यानंच.

१ जानेवारी २०३० पासून दीड किलोखालच्या ताज्या फळांना एकदाच वापरायचं प्लास्टिक बंद होतं. पाणी उडणं किंवा आदळआपट टाळण्याची गरज दाखवता आली तर सूट मिळू शकते, त्यामुळे आरपेटचं दार पुरतं बंद नाही. पुठ्ठ्यावर प्लास्टिकची सील फिल्म चढवली तर मात्र तोच प्रश्न मागच्या दारानं परत येतो.

खरेदीदार पारदर्शक पनेटच मागत असेल तर नाइलाज आहे. तेव्हा हंगामाची पूर्ण गरज एकाच पुरवठादाराकडून, कागदांसकट, डिसेंबरातच उचलावी. नाहीतर पुठ्ठ्याचा एक पॅलेट आधी कोल्ड रूममध्ये महिनाभर ठेवून बघावा आणि सगळ्यात खालच्या बॉक्सचे पनेट तळाला दाबून पाहावेत.