एलान खोरे : बर्मिंगहॅमच्या नळामागची धरणे

मध्य वेल्समधील रेयादर या छोट्या बाजारगावाच्या पश्चिमेला, एलान आणि क्लाएरवेन या नद्यांच्या खोऱ्यांत, बर्मिंगहॅम महापालिकेने बांधलेली धरणे आज पर्यटनस्थळ म्हणून प्रसिद्ध आहेत. येथे येणारे बहुतेक लोक पाणी, डोंगर आणि मेंढ्या पाहून समाधानाने परततात, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे नाही. परंतु हे खोरे म्हणजे अजूनही चालू असलेली पाणीपुरवठा योजना आहे, आणि ती कशी चालते हे समजून घेत पाहिली तरच येथवर येण्याचे सार्थक होते, असे माझे स्पष्ट मत आहे. बर्मिंगहॅममध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर हे खोरे पाहण्यास आणखी एक कारण आहे : आपल्या घरातला चहा याच पाण्याचा होतो.

एकोणिसाव्या शतकात कारखान्यांच्या या शहराची वस्ती भराभर वाढली, विहिरींचे पाणी दूषित झाले आणि साथीचे रोग वारंवार येऊ लागले. तेव्हा जेम्स मॅन्सर्ग या अभियंत्याने एलान खोऱ्याची शिफारस केली. येथे वर्षाला सुमारे 1,830 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे मुंबईत चार महिन्यांत कोसळतो त्यापेक्षा कमीच, पण बारा महिन्यांत वाटलेला. खडक पाणी झिरपू न देणारा, दरी खाली अरुंद होत गेलेली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा प्रदेश बर्मिंगहॅमपेक्षा उंचावर असलेला. 1892 मध्ये संसदेने कायदा केला, पुढील वर्षी काम सुरू झाले आणि 21 जुलै 1904 रोजी राजे सातवे एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा यांच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले.

काबान कोख धरणाच्या पायथ्याशी वेल्श वॉटरचे पर्यटक केंद्र आहे. तेथील प्रदर्शन पाहून नकाशा घ्यावा आणि फार वेळ न दवडता पुढे निघावे. थांबायचे ते गारेग दी पुलापाशी आणि जवळच्या वॉइल टॉवरपाशी. हा बुटका, घुमटाचा, दगडी मनोरा म्हणजे संपूर्ण योजनेचे तोंड होय; पण गाड्या त्याच्यावरून नुसती नजर टाकून पुढे जातात. येथून आत घेतलेले पाणी सुमारे 118 किलोमीटरच्या जलवाहिनीतून, कोणत्याही पंपाशिवाय, केवळ उताराने बर्मिंगहॅमला पोहोचते. हा उतार 2,300 फुटांना 1 फूट इतका अल्प असल्यामुळे पाणी ताशी दोन मैलांपेक्षाही कमी वेगाने सरकते आणि शहरात पोहोचण्यास त्याला सुमारे दीड दिवस लागतो. आज सकाळी आपण मनोऱ्यापाशी पाहिलेले पाणी परवाच्या स्वयंपाकाला येणार, हा हिशेब आमच्यासोबतच्या मुलांना सर्वाधिक आवडला.

पुलाचे रहस्य त्याहून सुंदर आहे. गारेग दीच्या कमानींखाली आणखी एक धरण आहे, पण ते पाण्यात पूर्ण बुडालेले असल्याने दिसत नाही. एलान पुढे वाई नदीला मिळते आणि वाईसाठी काबान कोखमधून ठरलेले पाणी सोडत राहणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे त्या जलाशयाची पातळी बरीच खाली जाऊ शकते. पंपाशिवाय पाणी न्यायचे तर ते मात्र ठराविक उंचीवरूनच उचलले पाहिजे. म्हणून मधोमध हा पाण्याखालचा बांध घातला : खालच्या बाजूची पातळी घटली तरी वरच्या बाजूचे पाणी अडून राहते आणि मनोऱ्याला त्याचा वाटा मिळतो. पुलावर उभे राहून दोन्हीकडे पाहिले तर सरोवर एकच भासते, आणि पंपाविना दूरच्या शहराला पाणी पोहोचवणारी ही युक्ती नजरेआडच राहते.

पुढची पेन-अ-गारेग आणि क्राइग गोख ही धरणे डोळ्यांसाठी आहेत. भिंतीचा दर्शनी भाग मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या प्रचंड दगडांचा असल्यामुळे सांडव्यावरून येणारे पाणी प्रत्येक दगडावर फुटत, पांढरे होत उतरते. मात्र धरण भरून वाहत असेल तरच हे दृश्य दिसते. पावसाचे चार-सहा दिवस झाल्यावर, शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात जावे. कोरड्या उन्हाळ्यात नुसती काळी भिंत दिसते आणि छायाचित्रे पाहून आलेल्याचा हिरमोड होतो. क्राइग गोख ही सर्वांत वरची, बाकदार भिंत. तिच्या माथ्यावरून कमानींच्या रांगेवर अरुंद रस्ता जातो. पाणी अडवण्याच्या कामाला इतका थाट कशाला, हा प्रश्न पडतो खरा, पण शहराला आपली ऐपतही दाखवायची होती, हे त्याचे प्रामाणिक उत्तर आहे.

या थाटाची किंमत कोणी दिली, हे मात्र पाहणाऱ्याने स्वतः शोधावे लागते. खोऱ्यातील सुमारे शंभर माणसांना घरे सोडावी लागली. वाडे, शेतघरे, शाळा आणि चर्च पाण्याखाली गेले. भरपाई मिळाली ती जमीनमालकांना, कसणाऱ्या कुळांना नाही. धरणग्रस्तांच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही विभागणी अनोळखी वाटणार नाही. बुडालेल्या वाड्यांपैकी क्वम एलान आणि नांटग्विल्ट या दोन्ही ठिकाणी कवी शेली 1811 आणि 1812 मध्ये राहिला होता. अतिशय कोरड्या वर्षी नांटग्विल्टच्या बागेची भिंत पाण्याबाहेर येते. जुन्या चर्चच्या बदली महापालिकेने बांधून दिलेले छोटे चर्च गारेग दी पुलाजवळ झाडांत उभे आहे. तेथे पाचच मिनिटे का होईना, अवश्य थांबावे.

धरणे बांधणाऱ्यांच्या वसाहतीची हकीकतही जाणून घेण्यासारखी आहे, पण आज दिसणारे एलान गाव म्हणजे ती वसाहत नव्हे. आजची दगडी घरे देखभाल कर्मचाऱ्यांसाठी नंतर बांधली गेली. त्याआधी तेथे मजुरांच्या लाकडी झोपड्यांचे गाव होते. नवीन आलेल्या मजुराला आधी वेगळ्या निवाऱ्यात ठेवून, उवा व संसर्ग यांची तपासणी करून मगच नदीपलीकडे सोडत. चोरटी दारू आत येऊ नये म्हणून पुलावर पहारा असे. स्नानगृह पुरुषांना आठवड्यातून तीनदा खुले होते, स्त्रियांना एकदाच. त्या वसाहतीला पाणी पुरवण्यासाठी नांट-अ-ग्रो ओढ्यावर बांधलेला छोटा बंधारा पुढे निरुपयोगी झाला आणि 1942 मध्ये, जर्मनीतील धरणे फोडण्याच्या मोहिमेची पूर्वतयारी म्हणून, स्फोटकांनी फोडून पाहण्यात आला. त्याचे मधोमध भगदाड पडलेले अवशेष आजही पायवाटेने गाठता येतात.

क्लाएरवेन धरण वेगळे, बाजूच्या खोऱ्यात आहे. 1946 ते 1952 या काळात बांधलेल्या आणि नव्या राणी एलिझाबेथ यांनी उद्घाटन केलेल्या या 56 मीटर उंच भिंतीमागचा साठा जुन्या सर्व जलाशयांच्या एकत्रित साठ्याच्या जवळपास आहे. आतून काँक्रीट आणि बाहेरून दगड, अशी तिची रचना आहे. ब्रिटिश पाथरवट युद्धात पडझड झालेल्या इमारतींच्या दुरुस्तीत गुंतले असल्याने दगडकामासाठी इटलीहून कारागीर आणावे लागले. भिंत भव्य आहे, पण जुन्या धरणांची कलाकुसर तिच्यात नाही.

सोयींविषयी थोडे. रेयादरचे रेल्वे स्थानक 1960 च्या दशकातच बंद झाले. जवळचे स्थानक लँड्रिन्डॉड वेल्स येथे आहे आणि तेथून पुढे वाहनाची व्यवस्था स्वतःच करावी लागते, त्यामुळे मोटारीशिवाय येण्याचा सल्ला मी देणार नाही. चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी बांधकामाच्या जुन्या रेल्वेमार्गावर तयार केलेली वाट उत्तम आहे. चढ सौम्य असल्याने ज्येष्ठांनाही ती झेपते. शाकाहारी मंडळींनी डबा बरोबर ठेवावा, कारण खोऱ्यात शिरल्यावर खाण्याच्या जागा मोजक्याच आहेत. 2015 पासून या परिसराला आंतरराष्ट्रीय अंधारे आकाश उद्यानाचा दर्जा असल्याने मुक्काम केल्यास निरभ्र रात्री आकाशगंगा पाहता येते. रेयादरजवळच्या गिग्रिन शेतावर दुपारी लाल घारींना मांस टाकतात, तेव्हा शेकडो घारी एकाच वेळी खाली झेपावतात; एके काळी ब्रिटनमध्ये हा पक्षी केवळ मध्य वेल्समध्येच तग धरून होता. हिवाळ्यातील आखूड दिवसात क्लाएरवेन आणि घारी ही दोन्ही ठिकाणे नीट पाहून होत नाहीत. अशा वेळी मी क्लाएरवेन सोडून घारी पाहीन आणि वाचलेला वेळ गारेग दीला देईन.